मजुरीवरची घासाघीस थांबवा : कपड्यांच्या ब्रँडच्या खरेदीप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
बांगलादेश, पाकिस्तान, कंबोडिया, इथिओपिया अशा देशांतून कपडे शिवून घेणाऱ्या मोठ्या ब्रँडचे खरेदीप्रमुख

स.न.वि.वि.

हे पत्र मी मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. तुमच्या कंपनीच्या अध्यक्षांना नाही आणि 'सामाजिक जबाबदारी' विभागालाही नाही. त्या विभागाची पत्रके मी वाचली आहेत. त्यांत हसऱ्या कामगार स्त्रियांची छायाचित्रे असतात आणि पुढच्या दहा वर्षांची उद्दिष्टे असतात. पण ढाक्याजवळच्या सावरमध्ये किंवा गाझीपूरमध्ये मशीनवर बसलेल्या बाईच्या हातात महिनाअखेर किती पैसे पडणार, हे त्या विभागात ठरत नाही. एका शर्टामागे भाव किती सेंटनी पाडायचा, माल किती दिवसांत हवा आणि पैसे किती दिवसांनी द्यायचे, हे तुम्ही ठरवता तेव्हाच तिचा पगार ठरून जातो. कारखानदार पुढे जे काही करतो ते बहुतेक याच तीन आकड्यांच्या चौकटीत बसून करतो. म्हणून मागणीही तुमच्याकडेच आहे. कपड्याच्या भावातली मजुरी वेगळी काढून दाखवा, ती माणसाला जगता येईल इतकी ठेवा, तिच्यावर घासाघीस करू नका, आणि हे सगळे कामगार संघटनांशी कायद्याने बांधून घेणाऱ्या करारात लिहून द्या.

मी स्वतः मशीनवर शिवते, त्यामुळे शर्टाची कॉलर किती जिकिरीची असते ते मला ठाऊक आहे. टोकाशी पोहोचले की सुई कापडात रोवलेली ठेवायची, मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचे, पाय खाली टाकायचा आणि पुन्हा शिलाई सुरू. एक टाका इकडचा तिकडे झाला तरी दोन टोके जुळत नाहीत आणि सगळे उसवावे लागते. मी हे माझ्या सवडीने करते. कारखान्याच्या लाइनमध्ये एक बाई दिवसभर फक्त एवढेच करते. तिच्या आधीची बाई कॉलरचे पदर जुळवून देते, पुढची ती गळ्याला बसवते. लाइनच्या तोंडाशी फळा असतो; दर तासाचे टार्गेट आणि झालेले नग त्यावर लिहिले जातात. आकडा मागे पडला की सुपरवायझर येऊन उभा राहतो, आणि त्याच्या तोंडची भाषा इथे लिहिण्यासारखी नसते. बाथरूमला उठावे लागू नये म्हणून बायका पाणीच कमी पितात, आणि मग लघवीचे विकार मागे लागतात. कामगार संघटना वर्षानुवर्षे हे सांगत आल्या आहेत.

याच लाइनमध्ये तुमचा एक नियम मात्र डोळ्यांत तेल घालून पाळला जातो. सुई तुटली की ते मशीन थांबते. तुटलेले सगळे तुकडे शोधायचे, ते जुळवून सुई पूर्ण होते का ते बघायचे, चिकटपट्टीने वहीत चिकटवायचे, तारीख आणि वेळ लिहायची, मगच नवी सुई मिळते. एखादा तुकडा सापडला नाही तर आजूबाजूचा सगळा माल बाजूला काढून मेटल डिटेक्टरखाली घालायचा. नियम योग्यच आहे. लहान मुलाच्या कपड्यात सुईचे टोक राहता कामा नये. पण त्यातून हेही कळते की तुम्हाला एखादी गोष्ट मनापासून हवी असेल, तर समुद्रापलीकडच्या कारखान्यातल्या प्रत्येक मशीनवर ती तुम्ही करून घेऊ शकता. तेव्हा मजुरीचा विषय निघाल्यावर 'पुरवठादारांवर आमचा तेवढा ताबा नाही' असे कृपा करून सांगू नका.

बांगलादेशात तयार कपड्यांच्या कामगाराचे किमान वेतन डिसेंबर २०१३ पासून महिना ५,३०० टका (टका हे तिथले चलन) होते. डिसेंबर २०१८ पासून ते ८,००० टका झाले, आणि पुढची पाच वर्षे महागाई चढत राहिली तरी तिथेच अडून बसले. २०२३ मध्ये वेतन मंडळापुढे अनेक संघटनांनी २३,००० टका मागितले. मालकांच्या प्रतिनिधीने पहिला आकडा सांगितला १०,४००. कामगार रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनात किमान चार कामगारांचा जीव गेला, हजारो जणांवर गुन्हे दाखल झाले, आणि अखेर १२,५०० टका ठरले. तेव्हाच्या दराने ते जेमतेम ११३ डॉलर होतात.

या १२,५०० टक्यांची फोड करून पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. मूळ वेतन फक्त ६,७०० टका. उरलेले घरभाडे, औषधोपचार, प्रवास आणि जेवण यांचे भत्ते. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा असे कायदा म्हणतो, पण हा दुप्पट दर काढतात तो मूळ वेतनावर. महिन्याचे २०८ तास धरले तर मूळ वेतनाचा तास पडतो ३२ टक्यांना, त्याची दुप्पट ६४. आणि पूर्ण १२,५०० ला २०८ ने भागले तर साधा तासच ६० टक्यांचा होतो. म्हणजे आठ तास राबून झाल्यावर, रात्री दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा चालवत केलेल्या तासाला तिला दिवसाच्या तासापेक्षा चार टका जास्त पडतात. कागदावर मात्र ते 'दुप्पट' असते. आणि हा जादा तास तिने मागितलेला नसतो. तुमच्या ऑफिसातून रंग बदलल्याचा निरोप उशिरा आलेला असतो, नमुन्याला मंजुरी मिळायला पंधरवडा गेलेला असतो, आणि माल रवाना करायची तारीख मात्र तीच असते. माल उशिरा निघाला तर विमानाचे भाडे कारखान्याच्या माथी बसणार. मग शुक्रवारची सुट्टीही जाते.

हे वेतन तिथल्या सरकारने ठरवले, आमचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. सरकार आणि मालक दोघेही वेतन ठरवताना एकाच भीतीखाली असतात: दर वाढवला तर ऑर्डर दुसऱ्या देशात जाईल. ही भीती तुमच्यामुळे आहे आणि ती खोटीही नाही. इथिओपियातल्या हवासाच्या औद्योगिक वसाहतीत तुम्ही पोहोचलात तेव्हा तिथे खासगी क्षेत्राला किमान वेतनाचा कायदाच नव्हता. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका केंद्राने २०१९ मध्ये तिथला सुरुवातीचा पगार महिना २६ डॉलर असल्याचे नोंदवले. कंबोडियातल्या कामगारांनी १६० डॉलर मागितले, तर ३ जानेवारी २०१४ रोजी नोम पेन्हच्या वेंग स्रेंग रस्त्यावर त्यांच्यावर गोळ्या चालल्या आणि किमान चार जण मेले. २०२५ मध्ये तिथले किमान वेतन २०८ डॉलर होते. जिथे कामगारांनी एकजुटीने तोंड उघडले तिथे पगार हलला, आणि जवळपास प्रत्येक वेळी त्यांनी त्याची किंमत आधी मोजली.

या सगळ्याचा संबंध केवळ ताटातल्या अन्नाशी आहे असे कुणी समजू नये. २३ एप्रिल २०१३ रोजी सावरमधल्या राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला भेगा पडल्या. लोकांना बाहेर काढले गेले. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद राहिली. वरच्या पाच कपडे कारखान्यांतल्या कामगारांना मात्र आत बोलावण्यात आले. आला नाहीत तर पगार मिळणार नाही अशी धमकी दिल्याचे त्यातून वाचलेल्यांनी सांगितले आहे. सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळली. १,१३४ माणसे मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली, कित्येकांचे हातपाय ढिगाऱ्यातच कापून त्यांना बाहेर काढावे लागले. त्या भेगा त्यांनीही पाहिल्या होत्या. ज्या बाईच्या गाठीशी महिनाभराचा खर्च असतो ती अशा जिन्यावर पाऊल ठेवत नाही. यांच्या गाठीशी काही नव्हते आणि महिना संपत आला होता. इमारतीचे खांब आणि कामगाराचा पगार या दोन वेगळ्या बाबी आहेत असे मानून तुम्ही गेली कित्येक वर्षे वागत आहात, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

त्यानंतर तुम्ही जे केले त्याचे मोल मी कमी करत नाही. मे २०१३ मध्ये बांगलादेशातल्या आग आणि इमारत सुरक्षेसाठीच्या 'अकॉर्ड' करारावर सह्या सुरू झाल्या, आणि पुढे दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले. सोळाशेहून जास्त कारखान्यांची अभियंत्यांकडून तपासणी झाली. कुलूपबंद दारे काढली गेली, आगीत टिकणारी दारे बसली, खांबांना आधार मिळाला. हे झाले कारण त्या करारात पळवाट नव्हती. दुरुस्तीचा खर्च कारखान्याला झेपेल अशा अटींवर व्यापार करणे ब्रँडला बंधनकारक होते, आणि कामगार संघटनांना ब्रँडला थेट लवादापुढे खेचता येत होते. त्यांनी तसे केलेही. हेगच्या लवाद न्यायालयात दोन ब्रँडविरुद्धची प्रकरणे गेली. त्यातल्या एकाने जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर द्यायचे मान्य करून तडजोड केली. कामगार संघटनेने जगातल्या बड्या ब्रँडकडून कारखान्याच्या दुरुस्तीचे पैसे वसूल केले, असे त्याआधी कुणी म्हटले असते तर लोकांना पटले नसते.

पगार मात्र त्या करारात नव्हता. तो आजही तुम्ही ऑडिटवर, म्हणजे तुमच्या वतीने होणाऱ्या कारखान्याच्या तपासणीवर, सोडला आहे.

ऑडिट काय पाहते आणि काय नाही, याचे उदाहरण कराचीत आहे. अली एंटरप्रायझेस या कारखान्याला २०१२ च्या ऑगस्टमध्ये कामाच्या चांगल्या परिस्थितीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मेले. आग कुणी लावली याचा खटला चालला, शिक्षाही झाल्या. पण खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायचे रस्ते बंद होते, आणि ते प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या नजरेतून सुटले. दोन महिन्यांनी, २४ नोव्हेंबरला, ढाक्याजवळ आशुलियातल्या ताजरीन फॅशन्समध्ये तेच घडले. तिथे किमान ११२ गेले. ऑडिटवाला दिवस ठरवून येतो, हजेरीपत्रक मागतो, व्यवस्थापनाने निवडलेल्या बायकांशी कारखान्याच्या आवारातच बोलतो. खरे बोलणारीला उद्या तिथेच कामाला यायचे असते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, तुम्ही कारखान्याला काय भाव दिला हा प्रश्न तो विचारतच नाही. ज्याने त्याला पाठवले त्याची वही तो कशी तपासणार?

ती वही महामारीत जगाने थोडीशी पाहिली. मार्च २०२० मध्ये तुमच्यातल्या अनेकांनी शिवून तयार असलेल्या, लाइनवर चढलेल्या ऑर्डर रद्द केल्या. पेन स्टेट विद्यापीठाचे मार्क ॲनर यांनी त्याच महिन्यात बांगलादेशातल्या कारखानदारांची पाहणी केली. ऑर्डर रद्द करणाऱ्या खरेदीदारांपैकी ७२ टक्क्यांहून अधिकांनी पुरवठादाराने आधीच विकत घेतलेल्या कापडाचे पैसे द्यायला नकार दिला होता, आणि ९१ टक्क्यांहून अधिकांनी कटिंग-शिलाईचे. शिलाई म्हणजे मजुरी. दहा लाखांहून अधिक कामगारांना कामावरून कमी केले किंवा बसवून ठेवले गेले. जगभरातून दबाव आल्यावर पुष्कळ ब्रँडनी पैसे दिले, हे खरे आहे. पण अ‍ॅबरडीन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पुढे बांगलादेशातल्या एक हजार कारखान्यांची माहिती गोळा करून जानेवारी २०२३ मध्ये मांडली, तेव्हा निम्म्याहून अधिक कारखान्यांनी ऑर्डर रद्द होणे, पैसे न मिळणे किंवा उशिरा मिळणे, भाव पाडून मागितला जाणे यांपैकी काही ना काही सोसलेले होते. पाहणीतल्या पाचपैकी जवळपास एका कारखान्याला किमान वेतन देणेही जड जात होते. किमान वेतन! त्याच वेळी तुमच्या कंपन्यांच्या आचारसंहितेत मात्र किमान वेतनाची हमी छापलेली होती.

कारखानदारांची बाजू मी घेत नाही. पगार बुडवणारे, संघटना उभी राहिली की पुढाऱ्यांना काढून टाकणारे, गुंड पोसणारे मालक आहेत. बांगलादेशच्या संसदेतही कपडे कारखानदार बसलेले होते आणि कामगार कायद्यावर त्यांचाच वरचष्मा राहिला. संघटना बांधणारे अमिनुल इस्लाम एप्रिल २०१२ मध्ये बेपत्ता झाले आणि छळाच्या खुणा असलेला त्यांचा मृतदेह सापडला. जून २०२३ मध्ये गाझीपूरमध्ये कामगारांचा थकलेला पगार मिळवून द्यायला गेलेले शहीदुल इस्लाम मारहाणीत मेले. तुम्ही भाव वाढवून दिला आणि तो मालकाने खिशात घातला, ही शंका रास्तच आहे. म्हणूनच मजुरीची रक्कम वेगळी काढायची आणि ती पोहोचली की नाही हे पाहायचा अधिकार कारखान्यातल्या संघटनेला द्यायचा, असे मी म्हणते. ज्या कारखान्यात संघटना नाही, तिथे ती होऊ देणे ही तुमची खरेदीची अट करा. सुईच्या तुकड्यांची अट घालता आली, मग हीही घालता येईल.

कपडे महाग झाले तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे तुमचे नेहमीचे उत्तर. ऑस्ट्रेलियात ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेने २०१७ मध्ये अर्थतज्ज्ञांकडून हिशेब करवून घेतला. तिथे विकल्या जाणाऱ्या कपड्याच्या किमतीतला सरासरी ४ टक्के भाग कारखान्यातल्या मजुरीचा निघाला. बांगलादेशातल्या मालात तर सुमारे २ टक्केच. त्या २ टक्क्यांची दुप्पट केली तरी गिऱ्हाईकाला हंगामाअखेरच्या सवलतीत जेवढा फरक दिसतो त्याच्या जवळपासही तो जात नाही. मी गिऱ्हाईक आहे आणि तो फरक द्यायला तयार आहे. पण माझ्याकडून तो घेऊन तुम्ही जाहिरातीत घालणार नाही याची खात्री मला कशी मिळणार? ती खात्री कराराशिवाय मिळणार नाही.

काही सज्जन माणसे म्हणतात की अशा देशांतून माल घेणेच बंद करा. माझा त्याला विरोध आहे आणि तिथल्या कामगारांच्या संघटनांचाही आहे. बांगलादेशात चाळीस लाखांच्या आसपास लोक या कामावर जगतात, त्यातल्या निम्म्याहून अधिक बायका आहेत. खेड्यातून शहरात येऊन स्वतःची कमाई हाती येणे ही त्यांच्या आयुष्यात लहान गोष्ट नाही. तुम्ही तिथून जाऊ नका. तिथेच राहा आणि नीट पैसे द्या.

आफ्रिकेतल्या लेसोथो या देशाचे उदाहरण तुम्हाला आठवत असेल. तिथल्या जीन्सच्या कारखान्यांत नोकरी टिकवायची किंवा बढती हवी तर सुपरवायझर शरीरसुखाची मागणी करत. ऑडिट वर्षानुवर्षे होत होते आणि त्यात हे कधी दिसले नव्हते. शेवटी कामगार हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेने कारखान्याबाहेर जाऊन बायकांशी बोलून ते उघड केले. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रँड, कारखान्याची कंपनी आणि तिथल्या कामगार व स्त्रियांच्या संघटना यांच्यात बंधनकारक करार झाले. तक्रार ऐकायला स्वतंत्र यंत्रणा आली, आणि कारखान्याने ती मानली नाही तर ऑर्डर कमी होईल असे लिहिले गेले. सावरमध्ये जमले, लेसोथोत जमले. पगारापाशीच गाडे का अडते याचे उत्तर तुम्ही द्यायला हवे, कारण दुरुस्तीचा खर्च एकदा येतो आणि पगाराचा दर महिन्याला, यापलीकडे मला तरी कारण दिसत नाही.

तेव्हा बोलणी करायला बसा. करारात कटिंग झाल्यावर ऑर्डर रद्द न करण्याची अट असू द्या. माल जहाजावर चढल्यावर तीन-तीन, चार-चार महिने पैसे अडवून ठेवण्याची पद्धत बंद करा. कारखान्यातली बाई पगारासाठी चार महिने थांबू शकत नाही. नमुना मंजूर करायला तुम्हाला उशीर झाला तर माल द्यायची तारीखही तेवढी पुढे न्या. पुढचे वेतन मंडळ बसेल तेव्हा त्याला आणि सरकारला आधीच जाहीर पत्र लिहून कळवा की किमान वेतन वाढले तर तेवढा भाव आम्ही वाढवून देऊ आणि देश सोडून जाणार नाही. २०२३ मध्ये असे पत्र तुम्ही सगळ्यांनी मिळून, आकडा घालून, वेळेवर लिहिले असते तर १०,४०० या आकड्यापासून बोलणी सुरू झाली नसती.

आणि हे सगळे व्हायला वेळ लागणार असेल, तर एक कागद लगेच देता येईल. येत्या हंगामातल्या एका साध्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाचे भावपत्रक जाहीर करा. कापडाचे किती, बटणे-दोऱ्याचे किती, शिलाईची तुमच्या हिशेबातली 'स्टँडर्ड मिनिटे' (एक शर्ट शिवायला लागतील असे धरलेली मिनिटे) किती आणि त्या एका मिनिटाला मजुरीचा म्हणून तुम्ही काय दर धरला आहे, कारखान्याचा नफा किती, वाहतूक किती, तुमचा नफा किती. ही सगळी फोड तुमच्या संगणकात आहे, तिच्याशिवाय तुम्ही भाव सांगतच नाही. तेच भावपत्रक बांगला भाषेत त्या कारखान्याच्या दारावर लावा. मिनिटाच्या दरावरून महिन्याचा पगार काढायला तिथल्या बायकांना कुणाची मदत लागणार नाही. रोजचे टार्गेट त्या मनातल्या मनात मोजतच असतात.

उत्तर मला खासगीत नको. हे पत्र उघड आहे, उत्तरही उघड द्यावे.

कळावे.

आपली,
शिवणकाम करणारी एक ग्राहक